ट्राओरेला दोन मतं

पहिला नियम मीच घातला: जेरार्डचं नाव कोणी घ्यायचं नाही. डॅलग्लिश, रश, सालाह, व्हॅन डाइक हेही बाद. लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या आजवरच्या सर्वोत्तम अकरात ज्याला डोळे मिटून जागा मिळेल, त्याला आमच्या निवडणुकीत उभं राहता येणार नाही. ग्रुपवर थोडा वेळ सामसूम. मग नागपूरच्या धरमपेठेतल्या एकानं लिहिलं, "मंग राहिलं कोण बे?" जे राहिले त्यांच्यातूनच तर लिव्हरपूलचा कल्ट हिरो, म्हणजे थोर नसूनही जीव लावावा असा खेळाडू, निवडायचा होता.

हे खूळ निघालं आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीत. लीग बंद, शनिवार-रविवार मोकळे आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. तिकडे इंग्लंडात क्लबांचे चाहते असली मतदानं हौसेनं घेतात, तर आपण का नाही? ठरलं: रविवारी सकाळी, तर्री पोह्यांसकट, युनायटेडवाल्याच्या गच्चीवर. हो, आमच्या लिव्हरपूलच्या टोळक्यात एक मँचेस्टर युनायटेडवाला आहे. गच्ची त्याची, प्रोजेक्टर त्याचा, म्हणून सहन करतो.

माझं महाल भागात औषधाचं दुकान आहे. मतपत्रिका म्हणून मी दुकानातली जुनी बिलबुकं फाडून चिठ्ठ्या केल्या. त्यामुळे प्रत्येक मताच्या मागे छापलेलं होतं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मतपेटी म्हणजे वहिनीचा लाडवांचा स्टीलचा डबा. मत टाकायला झाकण उघडलं की बेसनाचा वास यायचा, आणि दोघातिघांनी चिठ्ठी टाकायच्या आधी आत काही उरलंय का ते चाचपून पाहिलं.

दुसरा नियम असा, की ज्याला उभं करायचं त्याच्यासाठी उठून बोलायचं. नुसतं नाव सांगून बसायचं नाही.

चुलतभाऊ पहिला उठला. त्याचा उमेदवार आमचा जुना गोलकीपर जर्झी डुडेक. त्यानं चॅम्पियन्स लीगच्या २००५ च्या इस्तंबूलच्या अंतिम सामन्याचं वर्णन असं केलं की पोहे थंड झाले. जादा वेळ संपत आलेला, एसी मिलानच्या शेव्हचेंकोचं हेडर डुडेकनं अडवलं, चेंडू परत शेव्हचेंकोच्याच पायात, अगदी जवळून मारलेला, आणि डुडेकचा हात वर. मग पेनल्टी, गोलरेषेवर पाय लुळे करून नाचणं, १९८४ मध्ये रोमला आमच्याच ग्रॉबेलारनं केलं होतं तसं. भाऊ स्वतः गोलरेषेवर उभा असल्यासारखा नाचून दाखवत होता. सगळं खरं. फक्त यातलं त्यानं काहीही पाहिलेलं नाही, हे त्या गच्चीवर मला एकट्याला माहीत होतं. त्याबद्दल पुढे येतोच.

तो खाली बसतो न बसतो तोच युनायटेडवाला उठला. म्हणाला, "डुडेक तर आमचा हिरो होय." १ डिसेंबर २००२, ॲनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूलचंच मैदान. आमच्या कॅरॅगरनं डोक्यानं सरळ मागे दिलेला साधा चेंडू डुडेकच्या हातातून निसटून पायांमधून गेला आणि युनायटेडच्या फोर्लाननं तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. थोड्याच वेळात फोर्लाननं दुसराही मारला, युनायटेड २-१. त्याआधी बिचाऱ्या फोर्लानला युनायटेडसाठी कितीतरी महिने एक गोल होत नव्हता. त्या एका दुपारच्या जोरावर तो पोरगा त्यांच्या गाण्यात कायमचा जाऊन बसला. म्हणजे आमच्या गोलकीपरनं त्यांचा कल्ट हिरो घडवला. यावर उत्तर काय देणार? मी पोहे वाढले.

मॅकॲलिस्टरचं नावही आलं. छत्तिसाव्या वर्षी, एप्रिल २००१ मध्ये, शहरातल्याच प्रतिस्पर्धी एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावर भरपाई वेळेत पार लांबून मारलेली फ्री किक, ३-२. सुंदर. पण तो मुळातच इतका चांगला खेळाडू होता की त्याच्यावर कोणी कधी चिडलंच नाही. माझ्या मते इथेच तो बाद होतो. ज्याला आपण एकदाही मनापासून शिव्या दिल्या नाहीत, तो आदराचा धनी; त्याच्यासाठी घसा बसत नाही. जोई जोन्सचंही नाव एकानं घेतलं. वेल्सचा हा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, फार काही कलाकार नव्हता, पण १९७७ मध्ये रोमला युरोपियन कपचा अंतिम सामना पाहायला गेलेल्यांनी कीगनसारखा स्टार संघात असताना भला मोठा फलक नेला तो जोन्सच्या नावाचा. नाव घेणाऱ्यानं मात्र तेवढंच वाचलेलं होतं, म्हणून लगेच बसला.

मग पुतणी. इंजिनीअरिंगला आहे. बार्सिलोनाचा सामना झाला तेव्हा आठवीत होती, आणि रात्री साडेबाराला सुरू होणारा सामना बघू द्या म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. तिचा उमेदवार अर्थातच डिव्होक ओरिगी.

"काका, तुम्ही फक्त यादी ऐका," म्हणाली. डिसेंबर २०१८, एव्हर्टन, शहाण्णवावं मिनिट. व्हॅन डाइकचा फटका असा चुकला की त्यानं स्वतःच पाठ फिरवली, चेंडू उंच उडून बारवर उतरला, त्यांच्या गोलकीपर पिकफर्डनं तो धड बाहेरही घालवला नाही आणि आतही घेतला नाही, आणि ओरिगी तिथे डोकं घेऊन हजर. आमचा प्रशिक्षक क्लॉप धावत मैदानात घुसला, दंड भरला. पुढच्या मे महिन्यात बार्सिलोना: पहिला सामना ३-० नं हरलेलो, सालाह नाही, फिर्मिनो नाही, आणि ४-० मध्ये दोन गोल ओरिगीचे. त्यानंतर माद्रिदला टॉटनहॅमविरुद्ध अंतिम सामन्यात ८७ व्या मिनिटाला दुसरा गोल. एव्हर्टनविरुद्ध एकूण सहा. "आणि एरवी?" मी विचारलं. "एरवी बेंचवर," ती म्हणाली, आणि सगळी गच्ची हसली. हा तिचा सगळ्यात भारी मुद्दा होता.

जाता जाता तिनं आणखी एक नाव सुचवलं: कोपऱ्यातला बॉल बॉय. बार्सिलोनाविरुद्धच्या चौथ्या गोलाच्या कॉर्नरला त्या चौदा वर्षांच्या पोरानं चेंडू लगेच ठेवला नसता तर अलेक्झांडर-आर्नल्डला ती चलाखी करताच आली नसती. बार्सिलोनाचे सगळे पाठमोरे, ओरिगी तेवढा जागा. पोराला उभं करता येईल का यावर बरीच हुज्जत झाली. शेवटी वय कमी म्हणून अर्ज फेटाळला.

माझी पाळी आली. मी म्हटलं, जिमी ट्राओरे. पोरांना नाव माहीत नव्हतं. भाऊनं कपाळावर हात मारला.

जानेवारी २००५, एफए कपची तिसरी फेरी, बर्नलीचं मैदान. साधासा चेंडू आमच्या गोलसमोर आला. तो कुठेही मारून मोकळं व्हायचं. ट्राओरेनं मात्र टाचेनं मागे ओढून गिरकी घेतली, एखाद्या ब्राझिलियनसारखी. गिरकी झाली. चेंडू स्वतःच्या जाळ्यात. १-० नं हरलो आणि कपमधून बाहेर. इंग्लंडातल्या आपल्या लोकांनी एका जुन्या डिस्को गाण्याच्या चालीवर त्याच्यासाठी गाणं बांधलं: बिश्चानला दोष देऊ नका, हामानला देऊ नका, फिननला देऊ नका, सगळा दोष ट्राओरेचा. पुढे पुढे ते प्रेमानं म्हणू लागले, पण सुरुवातीला त्यात प्रेम किती होतं याची मला शंका आहे.

आणि त्याच माणसाला चार महिन्यांनी, २५ मे रोजी, एसी मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरवलं. समोर ब्राझीलचा काका, पिर्लो, शेव्हचेंको, क्रेस्पो.

नवतपा नुकताच लागला होता. सामना आपल्याकडे सव्वाबाराला. महालातल्या जुन्या घरात टीव्ही पुढच्या खोलीत आणि बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले, म्हणून आवाज इतका बारीक की कूलरच्या घरघरीत समालोचन ऐकूच येत नव्हतं. मी आणि चुलतभाऊ, मध्ये माठ. पहिलं मिनिट संपायच्या आत ट्राओरेनं काकाला पाडलं, पिर्लोची फ्री किक, माल्दिनीचा गोल. मध्यंतराला ०-३. भाऊ उठला, उशी काखेत मारली आणि म्हणाला, "मी चाललो गच्चीवर. तू बस पाहात." गेला आणि झोपला. पहाटे मी त्याला हलवून सांगितलं तेव्हा "काहून छळून राहिला बे" म्हणून कूस बदलली. वीस वर्षं हा माणूस डुडेकच्या डबल सेव्हचं वर्णन करतोय.

तिकडे त्याच मध्यंतरात काय चाललं होतं ते नंतर वाचायला मिळालं. प्रशिक्षक बेनिटेझनं ट्राओरेला सांगितलं, तू बाहेर. त्यानं बूट काढले, अंघोळीला निघाला. तेवढ्यात फिजिओनं कळवलं की फिननची दुखापत आहे, त्याला पुढे खेळता येणार नाही. मग फिनन बाहेर, हामान आत, आणि ट्राओरेला हाक: घाल बूट परत.

हे मी गच्चीवर सांगितलं तेव्हा पोरं पहिल्यांदा मोबाइलमधून वर बघायला लागली. खरंच विचार करा ना. अख्ख्या युरोपसमोर तुमच्यामुळे पहिला गोल झालाय, साहेबांनी तुम्हाला काढलंय, तुम्ही बूट काढलेत. आणि आता दुसऱ्याचा पाय दुखतोय म्हणून तुम्हाला परत बोलावलंय, तुम्ही चांगले आहात म्हणून नाही.

सहा मिनिटांत तीन गोल झाले ते सगळ्यांना पाठ आहेत: जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो. पण ३-३ झाल्यावर डुडेकच्या हातून एक चेंडू सुटला, शेव्हचेंकोनं मारला, आणि गोलरेषेवर ट्राओरे उभा होता. त्यानं तो बाहेर काढला. यावेळी गिरकी नाही, टाच नाही, सरळ लाथ. तो आत गेला असता तर शूटआउट नाही, डबल सेव्ह नाही, लुळ्या पायांचा नाच नाही, आणि भाऊला नाचून दाखवायला काहीच नाही. बुफॉनकडे चॅम्पियन्स लीगचं पदक नाही, इब्राहिमोविचकडे नाही, ब्राझीलच्या रोनाल्डोकडे नाही. ट्राओरेकडे आहे.

ओरिगीवर माझा राग नाही, पण त्याला निवडणं फार सोपं आहे. त्यानं गोल मारलेत आणि ते दहा मिनिटांच्या व्हिडिओत बसतात. ट्राओरेचा व्हिडिओ काढला तर पहिला बर्नलीचाच लागतो. त्याच्यावर जीव लावायचा तर सगळी गोष्ट बसून सांगावी लागते, आणि ऐकणाऱ्याला वेळ असावा लागतो.

मतमोजणी पुतणीनं केली. ओरिगी दणदणीत निवडून आला, डुडेक दुसरा. जोन्सला एक. बॉल बॉयचा अर्ज फेटाळूनही त्याच्या नावाची एक चिठ्ठी निघाली, आणि ती मोजणाऱ्या बाईंच्याच अक्षरात होती. ट्राओरेला दोन.

दोन? एक माझं. दुसरं कोणाचं? मी भाऊकडे पाहिलं. त्यानं हात जोडले.

ते होतं कामठीच्या काकांचं. काका आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. कामठी म्हणजे रब्बानी या फुटबॉल क्लबचं गाव, आणि काकांनी तिथल्या मैदानांवर ऐन पावसाळ्यात, काळ्या चिखलात, वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक खेळलंय. डाव्या गुडघ्याला अजून पट्टा बांधतात. जिना चढताना तो पट्टा घसरतो, मग प्रत्येक मजल्यावर थांबून वर ओढतात आणि तेवढ्या वेळात त्या मजल्यावर राहणाऱ्यांची चौकशी करून घेतात. इंग्लंडच्या कुठल्याच क्लबशी त्यांचं देणंघेणं नाही. येतात ते चहाला आणि आमचं ऑफसाइडचं अज्ञान सुधारायला.

"काका, तुम्ही ट्राओरेला कसं काय?"

"लेफ्ट बॅक होता ना तो? मंग झालं." मग पट्टा वर ओढत म्हणाले, "आमच्याकडे एकदा कोचनं मले असंच हाफ टायमाले बसवलं होतं. पुन्हा बोलावलं त्यानं, तर मी रागानं गेलोच नाही. घरीच निघून आलो. हा पोट्टा गेला."

युनायटेडवाल्यानं लगेच हरकत घेतली: काका लिव्हरपूलचे समर्थक नाहीत, मत बाद करा. भाऊनं त्याला दुजोरा दिला, म्हणजे डुडेकवाल्यांची आणि युनायटेडची युती झाली. मी म्हटलं, मग तुझंही मत बाद, तू तर शत्रुपक्षाचा. तो म्हणाला, गच्ची माझी आहे. शेवटी पुतणीनं तोडगा काढला: काकांनी पोह्यांची एक प्लेट स्वतःच्या पैशानं मागवावी, ती सदस्यत्वाची वर्गणी धरली जाईल, मागल्या तारखेपासून. काकांनी मागवली, वर तर्री जास्त घ्यायला सांगितली, आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा खिसे चाचपून माझ्याकडे बघितलं.