पत्त्यांना मी त्याच्याबद्दल विचारत नाही

‘त्याच्या मनात सध्या काय चाललंय?’ अशा मथळ्याचे टॅरोचे, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचे, व्हिडिओ यूट्यूबवर पैशाला पासरी मिळतात. घटस्फोटानंतरच्या काळात मी ते भरपूर बघितले. आता बघत नाही. पत्ते मात्र ठेवलेत, आणि एक नियम: प्रश्नात ‘मी’ असलाच पाहिजे. ‘तो परत येईल का’ चालणार नाही. ‘मी कशाची वाट बघतेय’ चालेल.

आईला हे अजिबात पटत नाही. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावी देवळात कौल लावल्याशिवाय शुभकार्य ठरत नाही, पण माझे पत्ते म्हणजे तिच्या मते थेरं. मी तिला सांगते, अगं, तू देवाला हो की नाही विचारतेस. मी कोणालाच काही विचारत नाही, चित्र बघते आणि वहीत लिहिते. भविष्य कळतं यावर माझा विश्वास नाही. मुळात पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते खेळायलाच काढले होते. इजिप्तच्या गूढ ज्ञानाची पुडी एका फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये सोडली, ती अजून विकली जातेय.

माझ्याकडचा संच 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या संचाची आवृत्ती आहे. कल्पना आर्थर वेट या गूढविद्येवर लिहिणाऱ्या लेखकाची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. आधीच्या बहुतेक संचांत चौकट-बदामसारखे नुसते चार पेले, पाच तलवारी असत. या बाईंनी 78 पैकी जवळपास सगळ्या पत्त्यांवर माणसं, प्रसंग चितारले. त्यामुळे बघत बसायला काहीतरी असतं. ओरॅकल कार्डं म्हणून पत्त्यांचा दुसरा एक प्रकार मिळतो, त्याच्याशी माझं जमत नाही ते याचमुळे. त्यांना ना ठरलेली संख्या, ना रचना, आणि वर ‘क्षमा करा’, ‘विश्वास ठेवा’ असं बहुतेकदा छापलेलंच. उत्तर तयार असेल तर मी काय करायचं? भेट आलेला एक संच आहे, त्यातली कार्डं लेक बारावीच्या पुस्तकांत खुणेला घालते.

तर माझ्या संचातला फोर ऑफ कप्स, म्हणजे चार पेल्यांचा पत्ता. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. समोर गवतावर तीन पेले. बाजूच्या ढगातून एक हात बाहेर आलाय आणि चौथा पेला पुढे करतोय. पोराचं लक्षच नाही. नेहमीचा अर्थ असा की समोर चालून आलेलं तुला दिसत नाहीये. प्रेमाबद्दल विचारलं की हा पत्ता बोलणीच खायला लावतो.

गेल्या पावसाळ्यात मला एक स्थळ आलं. ओळखीतलेच गृहस्थ, बायको जाऊन काही वर्षं झालेली. त्यांच्या बहिणीने आईकडे विषय काढला आणि घरात एकच धोशा सुरू झाला, ‘चांगला माणूस आहे, आढेवेढे का घेतेस?’ मला नकार द्यायचा नव्हता, होकार तोंडातून निघत नव्हता. रात्री ओटा आवरून बसले, ‘मी का अडलेय’ असं वहीत लिहिलं आणि हाच पत्ता आला. म्हटलं, झालं, आता तूही ओरड.

पण त्या दिवशी नजर पोरावरून हलून हातावर गेली. पेला धरलेला हात दिसतो, मनगट दिसतं, पुढे सगळा ढग. देणारा कोण, पत्ताच नाही. वहीत लिहिलं: ‘पेल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हा देतोय कोण?’ बहीण बोलली होती, आई बोलली होती, मावशीसुद्धा दोनदा बोलली होती. ते गृहस्थ स्वतः एक शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, ‘हे तुमच्या मनात आहे की ताईंच्या?’ बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, ‘ताईंच्याच आधी. माझ्या मनात आहे, पण मी तुम्हाला विचारणार होतो, तिने घाई केली.’

‘मग विचारा ना,’ मी म्हटलं.

त्यांनी विचारलं. लग्नाचं नाही, रविवारी नाटकाला येता का, असं. पत्त्यांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. आईने सांगितलं असेल तर माहीत नाही.