आईला लादीत पाणी दिसायचं

२०२३ चा मार्च होता. बाहेर रणरणतं ऊन. मी दुपारी जेवायला घरी आलो, तर आई तिच्या खोलीच्या दारात साडी पोटऱ्यांच्या वर धरून उभी. "अरे, पुढे येऊ नको, पाणी शिरलंय," म्हणाली. घामाने नुसती भिजली होती. बायको अर्धा तास समजावत होती की आई, पाणी नाही, लादी आहे, कोरडी ठाक आहे. शेवटी तिने खाली बसून लादीवरून हात फिरवून दाखवला. आई उलट तिच्यावरच ओरडली, "तू कशाला पाण्यात बसलीस?"

मी वायरमन आहे. चिपळुणात आणि आसपासच्या गावांत तीस वर्षं घरांची वायरिंग करतोय. आमच्या मधल्या बोळात उजेड कमी, म्हणून तिथली ट्यूब दिवसाही चालू असते. ती मीच बसवलेली. तिचा पांढरा पट्टा त्या गुळगुळीत लादीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडला होता, आणि खोलीतल्या पंख्याच्या पात्यांनी तो सारखा हलत होता. मी आईच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, तिच्या उंचीएवढा वाकलो. मलाही पाणीच दिसलं.

हे पाणी तिने एकदा खरोखर पाहिलं होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा आमच्या घरात छातीच्या वर पाणी होतं. पहाटे आईला शेजारच्या माडीवर नेलं, तिथून ती दिवसभर खिडकीतून आपल्या घराकडे बघत बसली होती. पाणी उतरल्यावर चिखल काढायलाच आठ दिवस गेले. जुना लाल कोबा जागोजागी उखडला होता, लाकडी कपाटं फुगली होती, वायरिंग सगळी गेली. मग सगळ्यांनी म्हटलं, आता करायचंच आहे तर नवीनच करू. चकचकीत पांढऱ्या लाद्या घातल्या, मॉड्युलर किचन केलं, बाथरूम खालपासून वरपर्यंत पांढरंशुभ्र. आईची स्टीलची मांडणी भंगारात दिली. मला त्या घराचा अभिमान वाटायचा.

आईचं विसरणं पुराच्या आधीपासून थोडं थोडं चालू होतं. पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, मग एमआरआय. डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं, तर तिने गोल काढला आणि बाराही आकडे एकाच बाजूला लिहिले. डिमेन्शिया, असं सांगितलं. आजार घरामुळे झालेला नाही हे डॉक्टरांनी मला स्पष्ट करून सांगितलं, आणि ते मला पटतं. पण या आजारात नवीन काही शिकणं अवघड होत जातं आणि हाताला लागलेल्या जुन्या सवयी बराच काळ टिकतात. आईच्या सवयी ज्या घराच्या होत्या ते घर मी पार बदलून टाकलं होतं. गेली दोन वर्षं मी ते थोडं थोडं परत उलटं करतोय.

सुरुवात उजेडापासून केली, कारण ते माझं काम. बोळातली ट्यूब काढली. भिंतीवर, छताकडे तोंड करून दोन दिवे लावले, म्हणजे उजेड वरून पसरून येतो आणि लादीवर पट्टा पडत नाही. पांढरा ६५०० केल्व्हिनचा प्रकाश बदलून ३००० चा पिवळसर केला. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो, पण झळाळी सोसत नाही. गिऱ्हाइकांना मी वर्षानुवर्षं फक्त वॉट सांगत आलो, दिवा कुठे तोंड करून आहे याचा विचार इतका कधी केला नव्हता. तेवढ्याने 'पाणी शिरलंय' आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. पुढच्या मे महिन्यात बोळातल्या आणि तिच्या खोलीतल्या लाद्या काढून खरखरीत, बिनचमकीच्या, एकाच रंगाच्या बसवल्या. रंग विटकरी निवडला, कोब्याच्या जवळचा. तेव्हापासून ती साडी वर न धरता चालते.

त्याच कामात उंबरा बदलला. काळ्या ग्रॅनाइटचा होता. आई त्याच्यापाशी येऊन एक पाय उचलून थांबायची, जसं वहाळ ओलांडायचं आहे. काळं पायपुसणंही तसंच, त्याला वळसा घालून जायची. तिला तिथे खड्डा दिसत होता. आता उंबरा नाही, पायपुसणं लादीच्याच रंगाचं.

बाथरूममध्ये उलटं. पांढऱ्या भिंती, पांढरी लादी, पांढरा कमोड. तिला तो दिसतच नव्हता. आम्ही समजत होतो की तिला कळत नाही. निळी सीट बसवली आणि चौथ्या दिवसापासून रोजची ओढाताण निम्म्यावर आली. धरायच्या दांड्या आधी स्टीलच्या बसवल्या होत्या, त्याही भिंतीत हरवून जायच्या. मी लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली, पण ती ओली झाली की हात सटकतो. असं कुणी करू नये. शेवटी निळं प्लॅस्टिक चढवलेल्या, खाचा असलेल्या दांड्या मिळाल्या. बसवताना विटेत भोक पाडून बसवा. नुसत्या लादीमागे पोकळ असेल तर माणसाच्या वजनाने निघून येते. वर-खाली, डावी-उजवी करायचा एकदांडी नळ काढून दोन साधे फिरकीचे नळ लावले, शॉवर बंद केला, बादली आणि पितळी तांब्या ठेवला. तांब्या हातात आला की आंघोळ कशी करायची हे तिला कुणी सांगावं लागत नाही. आतली कडी काढून टाकली, कारण एका दुपारी ती आत चाळीस मिनिटं अडकली होती. रडत नव्हती, हाका मारत नव्हती, नुसती दाराला हात लावून उभी होती. दार उघडल्यावर तिचा चेहरा पाहिला, तो अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दारावर लेकीने पुण्याहून सुंदर छापून 'प्रसाधनगृह' अशी पाटी आणली होती. आई चौथी शिकलेली, वाचता येतं. पण तो शब्द तिचा नाही. मी मोठ्या अक्षरात 'संडास' लिहून लावलं. शिवाय दार उघडंच ठेवतो, म्हणजे पलंगावरून सीट दिसते. तिला जे दिसतं तेच असतं, जे झाकलं ते नाही.

स्वयंपाकघरातही तेच. सगळी शटरं बंद, सगळी सारखी. ती एकेक उघडून बघायची, आणि सगळी उघडून झाली की मधे उभी राहायची, कशासाठी आली होती ते विसरून. दोन शटरं काढली. मावशीकडे एक जुनी स्टीलची मांडणी पडून होती, ती आणून ओट्याशेजारी ठोकली. आईने त्या दिवशी कुणी न सांगता सगळी ताटं, वाट्या, पेले लावले. उभी ताटं डावीकडे, वाट्या उपड्या, पळी-झारा कडेच्या खिळ्याला. पुरापूर्वी जसं असायचं अगदी तसं. बायको माझ्याकडे बघत होती. मी मागच्या दारी जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

गॅसच्या नळीला ओट्याखालच्या बंद कपाटात कॉक बसवला आहे, आमच्यापैकी कुणी नसेल तर तो बंद असतो. आई लायटर ओढून बघते. "सिलिंडर संपलाय, नंबर लावलाय," असं बायको सांगते. आईला ते लगेच पटतं, आयुष्यभर तिने नंबर लावून वाट पाहिली आहे. मला हे खोटं बोलणं टोचतं. पण 'तुला गॅस वापरता येत नाही' असं तोंडावर सांगितलं की ती तासभर गप्प बसते, ते जास्त टोचतं. निरंजनाच्या जागी मी बॅटरीचा दिवा आणला होता, तो तिने बघितला आणि बाजूला ठेवला. आता निरंजन खरंच लावते, कुणीतरी शेजारी बसतं, काडेपेटी बायकोच्या खिशात. वाती मात्र तिच्याच. दुपारी कापूस समोर ठेवला की मांडीवर वळत बसते, एकसारख्या, माझ्या लहानपणी वळायची तशाच.

आरशाचं मी ठरवून एक केलं नाही. बेसिनवरच्या आरशात रात्री तिला कुणीतरी बाई दिसायची आणि ती घाबरायची, म्हणून तो झाकला. पण तिच्या कपाटाच्या आरशातल्या बाईशी ती सकाळी बोलते. "जेवलीस का गं," विचारते, बोटाने काचेवर कुंकू लावते. आरसे झाका असं सगळे सांगतात. हा नाही झाकला. ज्या दिवशी भीती वाटेल त्या दिवशी झाकीन.

माझ्या कामातली सगळ्यात छोटी गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. नवीन स्विच पांढऱ्या भिंतीवर पांढरे, सपाट. आई रात्री भिंत चाचपत राहायची. माझ्या जुन्या सामानात काळे बॅकेलाइटचे, टक असा आवाज करणारे स्विच होते. एक तिच्या पलंगाशेजारी लावला, पूर्वी होता त्याच उंचीवर. पहिल्याच रात्री तिने न बघता हात नेला आणि खाली दाबला. सेन्सरचे दिवेही लावून पाहिले होते, पण अचानक पेटल्यावर ती दचकायची. आता पलंगाखालून संडासापर्यंत मंद दिवे रात्रभर चालू असतात, इन्व्हर्टरवर. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि एकदम काळोख झाला की तिला पुराची रात्र आठवते.

तिन्हीसांजेला तिला 'घरी' जायचं असतं, म्हणजे गुहागरकडच्या माहेरी. मला ती तेव्हा अण्णा म्हणते, तिच्या भावाचं नाव. सावल्या लांब व्हायच्या आत, साडेपाचलाच, मी सगळे दिवे लावतो. तिची घालमेल थोडी कमी होते, थांबत नाही. पुढच्या दाराला घुंगरू बांधलेत, रिक्षा स्टँडवर सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि परकराच्या नेफ्यात माझा नंबर शिवलाय. रोज फाटकापर्यंत तिच्याबरोबर जातो. तिथे दोन मिनिटं उभं राहिलं की म्हणते, "आता उशीर झाला, उद्या जाऊ."

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. मला हा आकडा वाचून मी वायरिंग केलेली घरं आठवली. किती ठिकाणी बोळाच्या टोकाला ट्यूब लावून आलोय. आता घरात म्हातारं माणूस असेल तर मी आधी त्यांची खोली मागतो, त्यांच्या पलंगावर बसून बघतो आणि मग पॉइंट काढतो. चार घरांत जुने दिवे स्वतः जाऊन फिरवून आलो, त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या पायऱ्यांचं राहिलंय. तीन पायऱ्या आहेत, तिन्ही सारख्याच करड्या, कडा कळत नाहीत. प्रत्येकीच्या कडेला पिवळा पट्टा मारायचाय. पाऊस उघडला की लगेच, गणपतीच्या आधी.