आमची वाटचाल : आठ जणांची गाडी आणि हायलँड्सच्या आडवाटा

स्वतःची गाडी घेण्याआधी मी दुसऱ्यांच्या मोठ्या बसवर गाइड होतो. सकाळी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा सोडायची, उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्समधलं ग्लेनकोचं खोरं आणि लॉख नेस सरोवर दाखवून रात्री परत. ग्लेनकोला जेमतेम वीस मिनिटं मिळत. तेवढ्यात फोटो होतात. पण १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे, जवळजवळ दोन आठवडे ज्यांचं अन्न खाल्लं त्याच मॅकडोनाल्ड घराण्याच्या लोकांवर सरकारी सैनिकांनी शस्त्र उचललं, हे सांगून होण्याआधीच ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. ऐकायला आलेली माणसं अर्धवट ऐकून बसमध्ये चढत, ते मला सहन होईना. मग इन्व्हरनेसला येऊन आम्ही नवरा-बायकोने आमचं काम सुरू केलं.

गाडीत आठच पाहुणे, हे तेव्हाच ठरलं. त्याहून जास्त प्रवाशांच्या गाडीला चालकाचा वेगळा परवाना लागतो, हे एक कारण. खरं कारण रस्ते. आम्हाला जायचं होतं तिथे एकच गाडी मावेल एवढी वाट असते आणि समोरून कुणी आलं की 'पासिंग प्लेस'ला, म्हणजे बाजूला मुद्दाम ठेवलेल्या रुंद जागेत, थांबावं लागतं.

अशाच वाटेवर, अर्डगे गावाहून सोळा-एक किलोमीटर आत, क्रॉइकचं छोटं चर्च आहे. टेलफर्ड या अभियंत्याच्या आराखड्यावर १८२७ मध्ये बांधलेलं, अगदी साधं. मेंढ्यांना कुरणं हवी म्हणून १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीच्या कुळांना जमिनीवरून उठवलं, तेव्हा त्यातल्या काही कुटुंबांनी या चर्चच्या आवारात, थडग्यांमध्ये कापडं ताणून आसरा घेतला. जाण्याआधी त्यांनी खिडकीच्या काचांवर बाहेरून ओरखडून लिहिलं. 'ग्लेनकॅल्व्हीचे लोक, पापी पिढी' ही अक्षरं आजही वाचता येतात. घर गेलं ते आपल्याच पापामुळे, असं त्या बिचाऱ्यांना वाटत होतं! इथे मी आधी काहीच सांगत नाही. पाहुण्यांना काच शोधू देतो, वाचू देतो, मग बोलतो. ज्यांचे पूर्वज इथून परदेशी गेले त्या, कॅनडाहून आलेल्या, हायलँडी आडनावाच्या पाहुण्यांना तर इथून निघवत नाही. आमच्या सगळ्या सहलींत मला हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते.

क्लॅन, म्हणजे एका प्रमुखाला मानणारं हायलँडी घराणं. पण क्लॅन म्हणजे रंगीत चौकटीचं कापड, एवढीच ओळख घेऊन बरेच जण येतात. सरकारी फौजेने बंडखोरांना हरवलं त्या कलोडनच्या लढाईनंतर, १७४६ च्या कायद्याने, तो हायलँडी पोशाखच बंद झाला होता आणि बंदी उठायला १७८२ उजाडलं, हे त्यांना रणभूमीवरच्या क्लॅनच्या शिळांपाशी उभं करून सांगावं लागतं. मॅकग्रेगर क्लॅनच्या लोकांना तर १६०३ पासून आडनाव लावायलाच मनाई होती. ती कायमची गेली १७७४ मध्ये. बॅलक्विडर गावात याच क्लॅनच्या रॉब रॉय या प्रसिद्ध बंडखोराच्या थडग्यावर 'त्यांना न जुमानता मॅकग्रेगर' असं कोरलंय, त्याचा अर्थ यानंतर कळतो.

कोविडमध्ये काम थांबलं, पण गाडी विकली नाही.

अलीकडे लंडनहून, पुण्याहून मराठी मंडळी येऊ लागलीत. त्यांना मी इन्व्हरनेसजवळच्या फोर्टरोजला नेतो. तिथल्या तांबड्या दगडाच्या कथीड्रलमध्ये सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्याच्या कबरी आहेत. याच घराण्याच्या प्रमुखाने १७९३ मध्ये ७८ वी हायलँड पलटण उभी केली आणि २३ सप्टेंबर १८०३ ला ती असईला, आपल्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली. हे ऐकल्यावर काका-काकू एकदम प्रश्न विचारू लागतात. आधी आपली गावं सोडून इतक्या लांब ही पोरं का आली, हा त्यांतला नेहमीचा. त्याचं उत्तर द्यायला मला पुन्हा खोऱ्यातल्या गरिबीकडे आणि जमीनदारांकडे वळावं लागतं.

सध्याची काळजी चर्चची आहे. चर्च ऑफ स्कॉटलंड बऱ्याच जुन्या वास्तू विकतंय. गावातल्या चर्चची किल्ली अनेकदा शेजारच्या एखाद्या आजींकडे असते. त्या दार उघडून देतात आणि चार गोष्टी अशा सांगतात ज्या कुठल्या पाटीवर नसतात. म्हणून दर सहलीच्या खर्चात दानपेटीची रक्कम आम्ही डिझेलच्याही आधी धरतो.

पुढच्या हंगामात स्कॉटलंडच्याच ईशान्य किनाऱ्यावरच्या बॅन्फची सहल जोडतोय. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ १७८९ मध्ये तिथे जन्मला. तिथेही आठच जण नेणार.