कणगीतली ज्वारी

१९९६ साली मी पाचवीसाठी नव्या शाळेत आलो. त्याआधीचं माझं शिक्षण अर्ध्या वर्षाचं असायचं. दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक यायचा आणि माय-अण्णांसोबत आम्ही भावंडं सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर जायचो. गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचो तेव्हा वर्गातली पोरं भागाकार शिकून मोकळी झालेली असायची. पाचवीला मात्र मायनं ठरवलं, लेकरं आता आजीपाशी राहतील. आदल्या हंगामात फडात निजलेल्या एका लेकराच्या अंगावर टायरगाडीचं चाक जाता जाता राहिलं होतं. तिनं ती धास्तीच घेतली होती.

धाकटी बहीण तेव्हा अडीच वर्षांची होती. पहिले आठ दिवस ट्रकचा आवाज आला की ती रडत वेशीकडे पळायची. मग गप्प झाली. मायनं जाताना ज्वारीची कणगी भरून ठेवली होती. आजी तिला समजवायची, "कणगी रिकामी झाली की येतेय बघ तुझी माय." पोरगी रोज कणगीत डोकवायची. पोट भरलेलं असलं तरी आजीच्या मागं लागायची, अजून एक भाकरी कर म्हणून. बरेच दिवस आजीला वाटत होतं, पोरीची भूक वाढली. एके दिवशी उरलेल्या भाकरी ती गपचूप शेळीपुढं टाकताना दिसली, तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

पाडव्याला माय आली. उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, बांधून बांधून हाताला घट्टे पडलेले, चेहरा रापलेला. तिनं हात पसरले आणि पोरगी आजीच्या पदराआड गेली. माय तशीच उंबऱ्यावर बसून राहिली. पुढं डी.एड.ला जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव शिकलो. आईपासून बरेच दिवस तुटलेलं लहान मूल आधी रडतं, मग खचतं आणि शेवटी आई आली तरी तोंड फिरवतं, असं त्यांनी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी टिपून ठेवलं आहे. त्या दिवशी वर्गात माझ्या डोळ्यांपुढं आमचा उंबरा होता.

माझं वेगळंच झालं. मी काही मागायचं सोडून दिलं. वही संपली तरी बोलायचो नाही, ताप आला तरी सांगायचो नाही. लोक म्हणायचे, पोरगं फार समजूतदार आहे. आज स्वतः शिक्षक झाल्यावर वर्गातल्या अशा समजूतदार पोराची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

यात माय-अण्णांना बोल लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पावसाळ्यात मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली की नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. आता हंगामी वसतिगृहं आहेत, लेकरांना गावातच दोन वेळचं जेवण मिळतं. फार मोठी सोय झाली. पण दिवस मावळल्यावर लेकराला "आज काय झालं रे शाळेत?" असं विचारणारं माणूस लागतंच.

मला ते विचारायला आमचे गणिताचे सर होते. शनिवारी दुपारी सायकलवरून घरी यायचे, आजीच्या हातचा चहा घ्यायचे आणि अंगणात बसून माझ्याकडून भागाकार करून घ्यायचे. सहामाहीचं प्रगतिपत्रक आलं तेव्हा पालकाच्या सहीपाशी आजीचा अंगठा घेऊ का, म्हणून मी विचारलं. सर म्हणाले, "राहू दे. माय आली की घेऊ."

पाडव्यानंतर त्यांनी मायला शाळेत बोलावलं आणि एकेक विषयाचे गुण वाचून दाखवले. मग शाईचा पॅड पुढं केला. मायनं अंगठा दाबला. कोयत्यानं रेषा इतक्या झिजल्या होत्या की कागदावर नुसता निळा डाग उठला. तिनं ओशाळून पदराला अंगठा पुसला आणि पुन्हा दाबला. पुन्हा डागच. तिसऱ्यांदा सरांनी तिला थांबवलं आणि त्या डागाशेजारी आपल्या पेननं सावकाश लिहिलं, 'आई'.