पालखी मार्ग रुंद झाला, आता सावली हवी

दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ संपला की खाली मस्तानी तलाव दिसतो आणि पुढे सासवडपर्यंत चाल जरा मोकळी होते. पालखी महामार्गाचं काम या घाटापासूनच धरलेलं. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपुरात पायाभरणी झाली, तेव्हा दिवे घाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर चौपदरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळा पायी मार्ग करायचं ठरलं. तुकोबारायांच्या वाटेवर पाटस ते तोंडले-बोंडले असे सुमारे १३० किलोमीटर.

आधी चांगलं सांगते, कारण ते मनापासून वाटतं. जेजुरी सोडून वाल्ह्याकडे निघालं की जुन्या रस्त्यावर जीव मुठीत धरून चालावं लागायचं. दिंड्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर, दुचाक्या आणि त्यांच्यातून वाट काढणाऱ्या म्हाताऱ्या बाया. कुणाला चक्कर आली तर रुग्णवाहिका पोचेपर्यंत घोर लागायचा. आता रुंद झालेल्या टप्प्यात गाड्या एका अंगाला आणि दिंड्या दुसऱ्या अंगाला राहतात. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, तिथल्या गर्दीत तर या रुंदीचं मोल कळतं.

पण दिंडीची चाल रुंद रस्त्यावर बदलते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागे वीणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, अशी ही रचना. जागा मिळाली की रांगा पांगतात, कडेच्या बायांना अभंगाची चाल नीट ऐकू येत नाही आणि ध्रुपद मागून उशिरा येतं. आमचे विणेकरी बाबा सारखे मागे वळून म्हणायचे, "जवळ या माउली, जवळ या." हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला लावलेली शिस्त रस्ता कितीही मोठा झाला तरी आपल्यालाच सांभाळायची आहे.

माझी खरी तळमळ सावलीची आहे. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते हा पट्टा मुळातच कमी पावसाचा. ढगांनी पाठ फिरवली की आषाढातही काँक्रीट तव्यासारखं तापतं, आणि कितीतरी वारकरी अनवाणी चालतात. जुन्या रस्त्याच्या कडेचे वड, चिंचा, कडुनिंब रुंदीकरणात गेले. त्या झाडांखालीच पडशी उशाला घेऊन लोक घटकाभर पडायचे, भाकरी सोडायचे. दुभाजकातली कण्हेर छान फुलते, पण तिच्याखाली माणूस बसू शकत नाही. काही ठिकाणी भराव घालून रस्ता उंच केलाय, कडेला लोखंडी कठडे आहेत. पूर्वी दोन पावलांत शेताच्या बांधावर टेकता यायचं, आता गुडघे दुखणारीला तो उतार उतरवत नाही. बरडच्या अलीकडे एक आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, रस्ता लई झाक झाला, पन टेकायला जागा नाय ऱ्हायली."

रस्ता झाला म्हणजे पालखी मार्ग झाला, असं मला म्हणूनच वाटत नाही. दर दीड-दोन किलोमीटरवर उतरायला पायऱ्या, पाण्याचा नळ आणि चार मोठी झाडं हवीत. झाडंही वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब अशी इथल्या मातीत तगणारी. नुसती रोपं लावून भागत नाही. पहिली तीन-चार वर्षं चैत्र-वैशाखात पाणी मिळालं नाही तर खड्डे तेवढे उरतात.

आमच्या दिंडीने बरडजवळचा एक तुकडा निवडलाय. रस्त्याला लागून असलेल्या एका शेतकऱ्याने बांधावर झाडं लावू दिली आणि विहिरीचं पाणीही कबूल केलं. रोपं गुडघ्याएवढी आहेत, शेळ्या खातात. कार्तिकीला जाताना बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं ठरलंय, आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या फलटण तालुक्यातल्या माळकऱ्यांनी वाटून घेतल्यात.