पाचोळ्यातला शॅमेलिऑन आणि इंदूरचा मे महिना

शॅमेलिऑन म्हटले की फांदीवर डुलत चालणारा, क्षणात रंग बदलणारा सरडा डोळ्यांसमोर येतो. परंतु याच कुळातील काही सरडे बोटाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात, रंग फारसा बदलत नाहीत आणि दिवसभर जंगलातील पाचोळ्यात फिरून रात्री झोपण्यापुरते एखाद्या काटकीवर चढतात. मादागास्करमधील ब्रूकेशिया आणि मुख्यतः पूर्व आफ्रिकेतील रॅम्फोलिऑन व रिपेलिऑन हे असे सरडे होत. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी वर्णन केलेल्या ब्रूकेशिया नानाचा नर शेपटीसकट अवघा २१.६ मिलिमीटर भरला. हौशी मंडळी बहुधा टांझानियातील, हनुवटीखाली दाढीसारखे खवले असणारा, सात-आठ सेंटीमीटरचा रिपेलिऑन पाळतात.

माझ्याकडे काचपेटीत शेवाळ आणि नेचे वाढवण्याचा जुना छंद असल्यामुळे इंदूरच्या रामबागेतील एका तरुणाने मला विचारले, "काका, यात तो छोटा शॅमेलिऑन राहील का हो?" पेटीत तो मावेल, इंदुरात त्याला जगवणे मात्र अवघड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्राण्याला साधारण २० ते २४ अंश तापमान मानवते, रात्री त्याहूनही गारवा लागतो, आणि हवा दमट हवी, तरीही कोंदट नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली उतरते. शब-ए-माळव्याचे, म्हणजे माळव्यातील गार रात्रींचे, कौतुक आपण करतो खरे, पण त्या रात्री आपल्याला सुखावतात त्या दिवसभराच्या झळांनंतर, आणि हा सरडा त्या झळांतून रात्रीपर्यंत टिकेलच असे नाही. कूलर लावला तर ओलावा मिळतो, पुरेसा थंडावा मिळत नाही. एसी लावला तर खोली थंड होते आणि हवा कोरडी पडते, म्हणजे पेटीत पुन्हा पाणी फवारणे आले. भर दुपारी वीज गेली तर दोन्ही बंद. म्हणून मी त्या तरुणाला सुचवले की आधी पेटी रिकामीच ठेवावी, आत तापमापक आणि आर्द्रतामापक लावावा आणि मे-जून सरेपर्यंत दररोज दुपारचे आकडे वहीत लिहावेत.

पाण्याची वाटी ठेवून भागत नाही, कारण हे सरडे पानांवर साचलेले थेंब चाटतात. फवारणीनंतर माझ्या पेटीतील नेच्याच्या टोकाशी थेंब जमतो, फुगतो आणि बराच वेळ तसाच लोंबतो. मे महिन्यात पेटीचे झाकण उघडे राहिले तर तोच थेंब पाहता पाहता आटतो.

खाण्याचे कामही किचकटच आहे. २०१६ च्या एका अभ्यासात टांझानियातील रॅम्फोलिऑन स्पायनोससची जीभ शरीराच्या अडीचपट लांब जाते आणि तिचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट असते, असे आढळले. लहान शरीराला वजनाच्या मानाने अधिक अन्न लागते आणि त्या प्रमाणात जिभेची यंत्रणाही मोठी असते. ही जीभ हलणाऱ्या भक्ष्यासाठीच आहे, त्यामुळे मेलेला किडा समोर ठेवून उपयोग नाही. बिनपंखी फळमाश्या, रातकिड्यांची नुकतीच जन्मलेली, अगदी बारीक पिल्ले, त्यांवर कॅल्शियमची भुकटी, आणि हा पुरवठा कधी खंडता कामा नये. घरातल्या बायकामाणसांना फळमाश्यांच्या बरण्या स्वयंपाकघराजवळ चालतील का, हेही आधी विचारलेले बरे.

राहिला कायदा. हे तिन्ही गट आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार करार, म्हणजे सायटिस, याच्या सूचीत आहेत; रॅम्फोलिऑन आणि रिपेलिऑन २०१७ पासून. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी बंधनकारक झाली आहे. आपला देशी शॅमेलिऑन तर पाळताच येत नाही. परदेशी बाजारातील बरेच नमुने रानातून पकडलेले असतात, त्यामुळे आयातीचा परवाना आणि प्राण्याची पैदास बंदिस्त जागेत झाल्याची कागदपत्रे मागावीत. एका विक्रेत्याने त्या तरुणाला "प्राणी आधी न्या, कागद नंतर पाठवतो" असे सांगितले. मी त्याला व्यवहार तिथेच सोडायला सांगितले आणि त्याने तो सोडला.