सज्जनगडचे हंडे, ठोसेघरचं पाणी

साताऱ्याचा बोगदा ओलांडला की हवाच बदलते. श्रावण सरत आलेला, भातखाचरं पोपटी झालेली, आणि मागच्या सीटवर मावशीने कंदी पेढ्यांचा पुडा केव्हाच सोडलेला.

"मावशी, नैवेद्याला ठेव की!"

"त्याचा पुडा वेगळा आहे. तू रस्त्याकडं बघ."

सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये हा परळीचा किल्ला घेतला. नंतर समर्थ रामदास इथे राहायला आले आणि १६८२ मध्ये त्यांनी इथेच देह ठेवला. वर राममंदिर, खाली तळघरात समाधी. समाधीपाशी उतरलो तशी मावशी मनाचे श्लोक म्हणू लागली आणि शेजारच्या दोन अनोळखी बायकांनी तिचा सूर उचलला.

मला मात्र खिळवून ठेवलं ते शेजघरातल्या तांब्याच्या हंड्यांनी. शिष्य कल्याणस्वामी यातून खालच्या उरमोडी नदीचं पाणी समर्थांसाठी गडावर आणत, असं सांगतात. हंडे रिकामेसुद्धा मला उचलले नसते. तिथून थेट धाब्याच्या मारुतीकडे गेलो, कड्याच्या टोकाला. खाली उरमोडीचा जलाशय पसरलेला होता आणि परळीची घरं काडेपेटीएवढी दिसत होती. एवढ्या खालून, पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटेनं, भरलेले हंडे घेऊन! गुरुभक्ती म्हणजे काय, ते मला त्या कड्यावर उभं राहून कळलं. गडावर जाल तेव्हा हंडे पाहून लगेच कड्यावर जा, हा माझा आग्रहच आहे.

दुपारी महाप्रसादाची पंगत. गव्हाची खीर! वाढणारे "घ्या माउली" म्हणत होते आणि मावशी कुणालाच नाही म्हणत नव्हती.

पुढे ठोसेघर. पोचलो तर दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, नुसता आवाज. सज्जाच्या कठड्याला सगळे टेकून उभे. एका आजोबांनी मोठ्यानं "जय जय रघुवीर समर्थ" म्हटलं आणि तेवढ्यात वारा सुटला. काळ्या कातळावरून कोसळणारी ती पांढरी धार आधी वरून, मग मधूनच आणि शेवटी तळापर्यंत दिसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे तारळी नदीकडं जाणारं पाणी. कठड्याच्या आतूनच ते छान दिसतं, पलीकडे पाऊलही टाकू नका.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली वाफाळता चहा घेतला. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम, तरी त्यात सीतेची आसवं फुललेली, नखाएवढी निळी-जांभळी. मावशी चपला काढून त्यांच्यामधून जपून चालली.

परतताना तिनं पुढचा बेत ठरवूनही टाकला: चाफळचा राम, आणि त्याआधी कृष्णाकाठचं अंगापूर. चाफळची राममूर्ती आणि सज्जनगडची अंगलाई देवी समर्थांना तिथल्याच डोहात सापडली, असं मानतात. तेव्हा आधी डोह, मग राम. हा क्रम बदलायचा नाही, असं तिनं मला बजावलंय.